माळवद : ऊन, वजन आणि मराठवाड्याचे घर

भूगोलाच्या तासाला घरांचे प्रकार शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, कोकणात पाऊस फार म्हणून छपरे उतरती आणि मराठवाड्यात पाऊस कमी म्हणून छपरे सपाट. उत्तर बरोबर आहे, त्याला गुणही मिळतात. पण ते अर्धेच आहे. पाऊस कमी असल्याने छप्पर सपाट ठेवता येते, एवढेच त्यातून कळते. ते हातभर जाडीच्या मातीचे का करायचे, हे कळत नाही. उरलेले अर्धे उत्तर शोधू लागलो की एकीकडे आपण फ्रान्समधल्या एका गणितज्ञाकडे जाऊन पोचतो आणि दुसरीकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपाशी.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या घराने उन्हाळा आणि हिवाळा कसा सांभाळला, त्याची किंमत काय पडली आणि त्यातून आपण कोणता धडा घेतला, याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

दोन टोकांचे हवामान

लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. नांदेड गोदावरीकाठी, साधारण साडेतीनशे मीटरवर. त्यामुळे नांदेडचा उन्हाळा लातूरपेक्षा अधिक कडक. मे महिन्यात तिथे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र दोन्ही जिल्ह्यांत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो.

समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. अशा ठिकाणी जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री तितक्याच लवकर उष्णता आकाशात सोडून देते. मार्च-एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण जुन्या घराची सगळी करामत या फरकावर उभी होती. मुंबईसारख्या दमट गावी, जिथे रात्रही दिवसासारखीच उबट असते, तिथे ही युक्ती फारशी चालली नसती.

काळी आणि पांढरी

मराठवाड्यात गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. काळ्या मातीचे घर टिकत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. घराला लागते ती पांढरी माती, तीही गावठाणातच मिळणारी. दगड दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, तोही पायाखालीच.

भिंती दोन ते तीन फूट रुंद, काही गढ्यांत आणि वाड्यांत त्याहूनही रुंद. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व मातीची भर. छपरासाठी लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलच्या म्हणजे चिरलेल्या लाकडाचे तुकडे दाटीने बसवलेले. त्यावर काटक्या व पाला आणि त्यावर मातीचा थर. हेच माळवद. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणत आणि घर किती मोठे हे खणांतच सांगत : पाच खणांचे, सात खणांचे. उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी माळवदाला एक भोक ठेवलेले असे, ते सवणे.

माळवदाचा सर्वांत वरचा थर खाऱ्या मातीचा. या मातीत सोडियमचे क्षार असतात. ओली झाल्यावर तिचे कण सुटे होऊन फुगतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. शेतात हीच माती चोपण म्हणून निकामी ठरते, कारण तिच्यातून पाणी मुरत नाही. शेतकऱ्याने शेतातला दोष छपरावर गुण म्हणून वापरला. उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी माळवदावर नवी खारी माती टाकून चोपायची, हे दरवर्षीचे काम होते. घर गळू नये म्हणून केलेल्या या कामाकडे पुढे आपल्याला पुन्हा वळायचे आहे.

उष्णतेची लाट

मातीचे जाड छप्पर घर थंड कसे ठेवते? ‘माती उष्णतेची मंदवाहक आहे’ असे उत्तर मिळते. तेही अर्धेच. कोरडी माती मंदवाहक आहे खरी, पण कापूस किंवा भुस्सा तिच्याहून कितीतरी अधिक मंदवाहक आहेत. मातीचा खरा गुण असा की ती वाहक बेताची आणि साठा मोठा करणारी आहे.

दुपारच्या उन्हाने माळवदाचा वरचा पापुद्रा तापतो. तो खालच्या पापुद्र्याला उष्णता देतो, पण त्याआधी स्वतःचे तापमान वाढवण्यासाठी बरीचशी ठेवून घेतो. खालचाही तेच करतो. अशी हाताळत हाताळत उष्णता खाली सरकत असतानाच वर सूर्य मावळतो आणि वरचा पापुद्रा थंड पडू लागतो. आता मधल्या थरांतली उष्णता खाली जाण्याऐवजी पुन्हा वर निघते. छताच्या तळाशी पोचते ती दुपारच्या उन्हाची क्षीण आणि उशिरा आलेली लाट.

हे गणितात प्रथम मांडले ते जोसेफ फूरियर यांनी. नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेला हा गणितज्ञ पुढे फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे प्रशासक असताना उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करत होता. त्याने आपला प्रबंध १८०७ मध्ये सादर केला आणि ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध केला. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. तिथला तापमापक हिवाळा-उन्हाळा जवळजवळ एकच आकडा दाखवतो, हे अठराव्या शतकातच माहीत झाले होते. दिवसाची लाट जमिनीत थोडीच खोल जाते आणि वर्षाची लाट बरीच खोल जाते, ती का व किती, हे फूरियरच्या समीकरणांतून काढता येऊ लागले.

त्याचा निष्कर्ष शाळेच्या गणितात बसेल असा आहे. कोरड्या चोपलेल्या मातीत दिवसाची लाट दर १२ सेंटिमीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते आणि तेवढ्याच अंतरात जवळजवळ चार तास मागे पडते. म्हणजे १५ सेंटिमीटर मातीखाली मूळ चढउताराचा साधारण २९ टक्के भाग उरतो, ३० सेंटिमीटरखाली ८ टक्के आणि ४५ सेंटिमीटरखाली जेमतेम २ टक्के. मेच्या दुपारी माळवदाचा वरचा भाग ६० अंशांपर्यंत तापला आणि पहाटे २५ अंशांवर आला, तर चढउतार ३५ अंशांचा. ३० सेंटिमीटर खाली तो तीन अंशांहून कमी राहील. शिवाय दुपारी एक-दोनची लाट तळाशी पोचेल ती रात्री अकराच्या सुमारास. तोवर घरातली माणसे आपापल्या वाकळा घेऊन माळवदावर झोपायला गेलेली असत. दिवसा माळवदाखाली आणि रात्री माळवदावर, असा हा हिशेब होता.

हे आकडे ढोबळ आहेत. मातीतला ओलावा, लाकडाची जाडी, सवण्यातून खेळणारी हवा यांनी ते बदलतात. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी. जाड माती चढउतार कमी करते, सरासरी कमी करत नाही. मे महिन्यात दिवसरात्रीची सरासरीच ३३-३४ अंश असेल, तर माळवदाखालचे घर तितपत उबदार राहणारच. बाहेरच्या ४२-४३ अंशांच्या मानाने ते गार वाटे, एवढेच.

पेव, विहीर आणि पाण्याआडची खोली

मग उन्हाळ्यात हिवाळ्याचा गारवा कुठे सापडेल? त्यासाठी दिवसाची नव्हे, वर्षाची लाट अडवायला हवी. वर्षाची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा ३६५ पट संथ, म्हणून ती ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे एकोणीस पट खोल जाते. जिथे दिवसाच्या लाटेचे माप १२ सेंटिमीटर, तिथे वर्षाच्या लाटेचे सुमारे सव्वादोन मीटर. कोणतेही छप्पर इतके जाड करता येणार नाही. जमिनीत मात्र उतरता येते.

ज्वारी साठवायचे पेव हे याचे आपल्याकडचे जुने उदाहरण. साडेचार मीटर खोलीवर वर्षाच्या चढउताराचा साधारण सातवा भाग उरतो आणि मे महिन्याची उष्णता तिथे पोचायला जवळजवळ चार महिने लागतात. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागते, याचेही उत्तर हेच. पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही, बदलते ती आपल्या अंगाला लागणारी हवा. औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांत भर दुपारी शिरले की बाहेरची झळ तुटते, तीही डोंगर नावाच्या फार जाड माळवदामुळे.

सत्ताधाऱ्यांनी याच्याही पुढची पायरी गाठली. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात नळदुर्ग किल्ला आहे. तिथे बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला. धरण भरले की त्याच्या अंगावरून पाणी कोसळते आणि माणूस आत कोरडा उभा राहतो. जाड दगड आणि वाहते पाणी एकत्र आणून केलेली ही खोली. पण असे धरण बांधणे राजालाच परवडणार. गावकऱ्याला परवडत असे ते माळवद, पेव आणि ओसरी.

उन्हाची खोली

थंड देशांत घराला जोडून काचेची एक खोली बांधतात. हिवाळ्यात ऊन आत घ्यायचे आणि बसायला ऊबदार जागा करायची, हा तिचा हेतू. अडचण एवढीच की तीच खोली उन्हाळ्यात भट्टी होते आणि रात्री बर्फ होते. तिला बारा महिने राहण्याजोगी करणे हा तिकडच्या वास्तुरचनेतला जुना प्रश्न आहे.

आपल्याकडे ही उन्हाची खोली होतीच, फक्त तिला काच नव्हती. ती म्हणजे ओसरी. लातूर सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य तिथे दक्षिण क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. दक्षिणेकडे उघड्या ओसरीचा माथा सात फूट उंच असेल, तर त्या दिवशी दुपारी ऊन सुमारे सव्वासहा फूट आत येते. मेच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माध्यान्ही ओसरीत उन्हाचा थेंबही पडत नाही. म्हणजे ओसरी हिवाळ्यात ऊन घेते, उन्हाळ्यात नाकारते आणि त्यासाठी काहीही हलवावे लागत नाही. चौसोपी वाड्यात चौकाच्या चारही बाजूंना सोपे असत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या सोप्यात हिवाळ्यातली सकाळ आणि त्याच्या समोरच्या सोप्यात उन्हाळ्यातली दुपार, असे घरातल्या घरात स्थलांतर करता येई.

अलीकडे शहरांत घराचा सज्जा किंवा ओसरी सरकत्या काचांनी बंद करण्याची पद्धत आली आहे. धूळ आणि चोर यांपासून संरक्षण मिळते हे खरे. पण उन्हाचे काय होते, ते पाहू या. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेची झाकणे एकावर एक बसवलेली पेटी उन्हात ठेवून प्रयोग केले. पुढच्या सुधारित पेटीत तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेले. काच उन्हाला आत येऊ देते. पण तापलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही आणि तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णतेची किरणेही तिच्यातून आरपार जात नाहीत. म्हणून काचेच्या आतून लावलेला पडदा फार उपयोगाचा नसतो. ऊन तोवर घरात आलेले असते. त्याला काचेच्या बाहेरच अडवावे लागते. बाहेरून तट्ट्या, वेल किंवा पुढे काढलेली पडवी असावी आणि वर तापलेली हवा निघून जायला वाट असावी. जुन्या घरात हे काम सवणे करत असे.

३० सप्टेंबर १९९३

इथवर माळवदाची जमेची बाजू पाहिली. आता दुसरी बाजू.

१९९३ च्या गणेशोत्सवाचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ६.२ प्रतीचा भूकंप झाला. त्याचे केंद्र फार खोल नव्हते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे दगावली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेनंतर तो तिसऱ्या पट्ट्यात गेला.

याच तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात आणि त्यांतल्या बहुतेकांत इतकी माणसे मरत नाहीत. इथे माणसे मारली ती घरांनी. आपला हिशेब पुढे नेऊ. चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १६०० किलोग्रॅम धरले, तर ४५ सेंटिमीटर जाडीच्या माळवदाचे वजन दर चौरस मीटरला ७२० किलोग्रॅम होते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर जवळजवळ आठ टन माती! घर उभे असते तेव्हा हे वजन सरळ खाली भिंतींत व खांबांत उतरते आणि काही बिघडत नाही. भूकंपात जमीन आडवी हलते. न्यूटनच्या नियमाप्रमाणे छताचे जडत्व जागीच राहू पाहते. समजा, जमिनीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या पाचव्या भागाइतके असेल, तर आठ टनांच्या छतामुळे भिंतींच्या माथ्यावर दीड टनाहून अधिक आडवा रेटा बसतो. छप्पर जितके जड, तितका रेटा मोठा.

आणि भिंती कशा होत्या? दोन पदरी, मध्ये भर, जोडायला मातीचा गारा. बाहेरच्या पदराला आतल्या पदराशी बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर, आतला आत कोसळला. त्यांच्यावर टेकलेली माळवदे खाली आली आणि मातीने श्वास कोंडला. जिथे माळवद भिंतींवर नव्हे तर नीट जोडलेल्या लाकडी खांबांवर उभे होते, तिथे भिंती पडूनही छप्पर उभे राहिल्याची उदाहरणे आढळली. त्यावरून दोष कोणत्या जागी होता ते दिसते. तो मातीत नव्हता. तो अतिरिक्त वजनात आणि न बांधलेल्या दगडांत होता.

भीतीचा धडा आणि विज्ञानाचा धडा

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेण्यात आला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांत जुनी घरे दुरुस्त व मजबूत करण्यावर भर होता. भिंतीत आरपार दगड बसवणे, कोपरे बांधणे, दारांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार देणे आणि माळवदावरची माती कमी करणे, हे उपाय सांगितले गेले. भारतीय मानक ब्यूरोनेही त्याच १९९३ साली मातीच्या घरांसाठी आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामांसाठी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. माती आणि दगड वापरूनही सुरक्षित घर बांधता येते, असे ती मानके सांगतात.

पण लोकांच्या मनाने दुसराच धडा घेतला. दगड आणि माती मारतात, काँक्रीट आणि पत्रा वाचवतात. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली, त्यांना असे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. ऐपत असलेल्यांनी स्लॅब टाकला, नसलेल्यांनी पत्रे टाकले.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. १२ सेंटिमीटरच्या काँक्रीट स्लॅबमधून दिवसाच्या चढउताराचा सुमारे ४० टक्के भाग खाली येतो आणि तो दुपारनंतर तीन-साडेतीन तासांनी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. मुले शाळेतून आणि बाया शेतातून घरी येण्याची ही वेळ. स्लॅब पुढे निम्मी रात्र तापलेला राहतो. पत्र्याला तर थांबणे ठाऊकच नाही. ऊन पडताच तो तापतो आणि सगळी झळ खाली सोडतो. हिवाळ्याच्या पहाटे तोच पत्रा बाहेरच्या हवेहूनही थंड पडतो आणि त्याच्या खालच्या बाजूला दव धरते. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. काच नसूनही हे घर त्या काचेच्या खोलीसारखेच वागते.

पत्रा हलका म्हणून भूकंपात सुरक्षित, हेही पूर्ण खरे नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर दगड ठेवलेले असतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ प्रतीचा भूकंप झाला आणि नांदेडलाही तो जाणवला. तेव्हा पत्र्यांवरचे हे दगड काढून टाका, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले.

उकाड्यावर उपाय म्हणून घरोघरी कूलर आले. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडण्याच्या जुन्या पद्धतीचेच ते यंत्ररूप. एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते आणि कोरड्या हवेत हे काम छान होते. पण कूलर दुपारभर बादलीमागून बादली पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीने पाच लाख लीटर आले. ज्या गावात प्यायचे पाणी रेल्वेने येते, तिथे घर गार ठेवण्याचा भार पाण्यावर टाकून कसे चालेल? उन्हाळ्याचे काम मुळात छपरानेच करायला हवे.

पहिले पंधरा सेंटिमीटर

मग पुन्हा जड माळवद करायचे काय? मुळीच नाही. दोन हिशेब शेजारी ठेवले तर वाट सापडते.

मातीची जाडी १५, ३०, ४५ आणि ६० सेंटिमीटर अशी वाढवत नेली, तर वजन २४०, ४८०, ७२० आणि ९६० किलोग्रॅम असे सारख्या पायऱ्यांनी वाढते. खाली पोचणारा चढउतार मात्र २९, ८, २ आणि एका टक्क्याहून कमी असा घटतो. पहिल्या १५ सेंटिमीटरने ७१ टक्के काम केले, दुसऱ्याने आणखी २१ टक्के, तिसऱ्याने केवळ ६ टक्के. शेवटच्या थराने जवळपास काहीच दिले नाही, पण वजन पहिल्याइतकेच घातले.

मग जुनी माळवदे इतकी जाड का झाली? ती उन्हासाठी नव्हे, पावसासाठी. दर मृगाआधी टाकलेली खारी माती पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा घालायचा नाही, हा नियम सर्वत्र पाळला गेला नाही. उष्णतेने मागितले त्याहून कितीतरी अधिक वजन गळती थांबवण्यासाठी डोक्यावर चढले. आज गळती थांबवायला प्लॅस्टिकचा एक कागद पुरतो आणि त्याला वजन जवळजवळ नाही.

म्हणजे घराला वर्षभर सुसह्य ठेवणारा भाग आणि त्याला घातक करणारा भाग वेगळे करता येतात. नीट बांधलेल्या सांगाड्यावर मातीचा पातळ थर आणि त्यात जलरोधक कागद, हा एक मार्ग. अर्थात तेवढे वजनही सांगाडा पेलेल की नाही, हे जाणकाराला विचारूनच. स्लॅब असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यावर चुन्याची दाट सफेदी द्यावी. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो, म्हणजे अडवायची लाटच लहान होते आणि सरासरीही उतरते, जे जाड मातीला जमत नव्हते. पत्रा असेल तर त्याच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करून मध्ये हवा खेळती ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीला झाडाची किंवा वेलाची सावली द्यावी. सफेदी, तट्ट्या आणि सावली यांतल्या कशानेही छपराच्या वजनात म्हणण्यासारखी भर पडत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

सारख्या मापाचे तीन पुठ्ठ्याचे खोके घ्या. एकावर पत्र्याचा तुकडा, दुसऱ्यावर पांढरा चुना लावलेला पत्रा आणि तिसऱ्यावर पत्रा व त्यावर चोपलेल्या मातीचा चार बोटे थर ठेवा. तिन्हींत तापमापक घालून सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला नोंद करा आणि आलेख काढा. मातीच्या खोक्याचा आलेख बुटका तर असेलच, पण त्याचा माथा किती वाजता येतो ते मुलांना शोधू द्या. मग तिन्ही छपरे ताजव्यात घालून वजन करा आणि दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी लिहा. खोके पाटावर ठेवून पाट आडवा हलवला, तर जड छपराचा खोका कसा डोलतो हेही दिसेल.

मुलांना घरी विचारायलाही सांगावे : आपले माळवद किती जाड होते, ते कधी उतरवले आणि उतरवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात काय वाटले? किल्लारीच्या परिसरात हा प्रश्न जपून विचारावा लागेल. तिथे माळवदाची आठवण काढणे म्हणजे गेलेल्यांची आठवण काढणे आहे. पण नांदेडकडच्या, कंधार-मुखेड-देगलूरच्या गावांत आजही काही माळवदे उभी आहेत आणि त्यांच्यावर दरवर्षी माती पडते आहे. त्या घरांत राहणारी मुले आपल्याच वर्गात बसतात. यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढा, एवढे जरी त्यांनी घरी जाऊन सांगितले, तरी या धड्याचा उपयोग झाला.